धबधबा की पाणवठा

उदगीरला दोन गोष्टी कायम होणार असतात. एक जिल्हा आणि दुसरी जगदेवीअक्कांची आफ्रिका.

जिल्ह्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघालं, त्या दिवसापासून आम्ही 'आता आमचा नंबर' म्हणून तयार बसलो आहोत. दर निवडणुकीला जिल्हा आमच्या वेशीपर्यंत येतो, चहा पितो आणि परत जातो. सोळा सालच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या गल्लीत पहिला सूर निघाला तो असा, "बघा, जिल्हा असता तर आपल्यालाबी गाडी आली असती!" घशाला कोरड पडलेली असतानासुद्धा शेजारच्या गावाचा हेवा करण्याइतकी ओल आमच्यात शिल्लक होती.

आफ्रिकेचं मात्र नीट सांगावं लागेल.

जगदेवीअक्का म्हणजे जगदेवी शिवलिंगअप्पा शेटकार. माहेर निलंग्याचं, सासर उदगीरचं आणि मुक्काम बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात. दुकानाचे मालक अप्पा आहेत, हे पाटीवर लिहिलंय म्हणून कळतं. गिऱ्हाईक काय मागतंय याला अक्कांच्या लेखी फारसं महत्त्व नसतं. त्याला काय लागतंय ते त्या ठरवतात. तीन लिटरचा कुकर मागायला आलेल्या नव्या नवरीला त्या आधी विचारणार, "घरात दीर किती हायत?" आणि पाच लिटरचा बांधून देणार. नवरी कुरकुरत जायची आणि पुढच्या दिवाळीला कढई घ्यायला त्यांच्याकडेच यायची.

शेटकारांच्या घराला भिंत लागून पंचफुला सोनकांबळे यांचं घर. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. अख्खं उदगीर त्यांना सिस्टर म्हणतं. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोनवर 'आई' म्हणतो तेवढाच काय तो अपवाद. सकाळची ड्यूटी असली की सिस्टर दुपारी अक्कांकडे येत, आणि दुकानाच्या मधल्या सुट्टीत दोघी टीव्हीवर जनावरांचं चॅनल लावून बसत. ते चॅनल बघावं तर या दोघींबरोबर. हरणाचं पाडस लंगडत निघालं की सिस्टर म्हणायच्या, "फ्रॅक्चर हाय. प्लास्टर न्हाई घातलं तर गेलं ते." सिंह झाडाखाली पसरला आणि सिंहिणी शिकारीला निघाल्या की अक्का आतल्या खोलीकडे बघून मोठ्यानं म्हणायच्या, "बघा! बायका राबायल्या आणि हे घोरायलंय!" आतल्या खोलीतलं घोरणं क्षणभर थांबायचं.

सिस्टर रिटायर झाल्या की दोघींनी आफ्रिकेला जायचं, हे या टीव्हीसमोरच ठरलं होतं. अप्पांनी परवानगीही देऊन टाकली होती. "सिस्टर संग असली तर जा," ते म्हणाले. तेव्हा सिस्टरचं रिटायर होणं आणि उदगीरचा जिल्हा होणं या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच लांब दिसत होत्या. पण सरकार जिल्हा विसरतं, रिटायर करायला विसरत नाही. सोळाच्या मार्चअखेरीस सिस्टर घरी बसल्या, दोघींचे पासपोर्ट आले आणि त्याच महिन्यात गल्लीतले नळ साफ बंद झाले.

मग टँकर सुरू झाला. तो कधी येईल हे टँकरवाल्यालाही माहीत नसे, म्हणून आमच्याकडे माणसांऐवजी घागरी रांगेत उभ्या राहतात. घागर ठेवायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून आत एक दगड टाकायचा आणि आपल्या कामाला निघून जायचं. घागर जिथं, तिथं तुमचा नंबर. माणसाची जागा कुणी बळकावील, घागरीच्या वाटेला कुणी जाणार नाही, इतका तिचा मान. फक्त ती आपली आपल्याला ओळखता आली पाहिजे.

आणि घोटाळा इथंच होता. अक्कांनी त्या उन्हाळ्यात निळ्या प्लास्टिकच्या घागरींचा अख्खा ट्रक उतरवून घेतला होता. सबंध रांग निळी. लोकांनी मग आपापल्या खुणा केल्या. कुणी काठाला सुतळी बांधली, कुणी नेलपॉलिशनं नाव घातलं. सिस्टरनी गळ्याला बँडेजची पांढरी पट्टी बांधली. खूण नव्हती ती फक्त अक्कांच्या घागरीवर. "माझ्या दुकानची घागर मला ओळखायची न्हाई व्हय?" असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी टँकर आला, पळापळ झाली. अक्कांनी पुढून पाचवी घागर उचलली, भरली आणि काखेत मारली. ती सिस्टरची होती. पट्टी एका शेळीनं खाल्ली होती. त्या उन्हाळ्यात शेळ्या निवडणुकीचे बॅनरसुद्धा खात होत्या, पट्टीची काय कथा. सिस्टर म्हणाल्या, "अक्का, माझी हाय ती." अक्का म्हणाल्या, "माझ्या दुकानची घागर मला ओळखू येत न्हाई व्हय? मागं सरक जरा!" आणि घरी गेल्या. रांगेत पार शेवटी एक निळी, बिनखुणेची घागर उरली. तिच्यापर्यंत टँकर पुरला नाही.

एरवी आमच्या गल्लीत पाण्यावरून रोज भांडणं होत आणि संध्याकाळपर्यंत मिटत. त्या दिवशी भांडण झालंच नाही. सिस्टर रिकाम्या हातानं आत गेल्या. ते न भांडणं काही बरं नव्हतं.

शेळीची बातमी दुसऱ्या दिवशी फुटली. अक्कांना आपली चूक कळली. त्यांनी भरलेली घागर सिस्टरच्या दाराशी ठेवली. ती तिथंच राहिली, शेवटी कुत्री प्यायली. दुपारचं चॅनल बंद पडलं. भिंत एकच, पण अलीकडून पलीकडं निरोप जाईना. जे काही अगदी बोलायचं असेल ते दोघी माझ्यामार्फत बोलू लागल्या, कारण माझं घर दोघींच्या समोर आणि मी मास्तर, म्हणजे रिकामा, असा एक समज आहे.

अशात गुरुबसप्पा आले. गुरुबसप्पा म्हणजे लातूरचे यात्रावाले. काशी, श्रीशैल, चारधाम करता करता त्यांनी नुकतीच आफ्रिका सुरू केली होती आणि तीही ते यात्रेसारखीच विकत. "आमच्यासंगं चारधाम केलेल्या माणसाला आफ्रिका जड न्हाई. सकाळी उपमा, रात्री पिठलं-भाकरी. स्वयंपाकी आपल्या मुरुडचा. सिंहानं वास घेतला तरी फोडणीचाच घेईल!" दोघींची नावं त्यांच्याकडे कधीपासून नोंदवलेली होती. बखेड्याचा त्यांना पत्ताच नव्हता. बैठक माझ्या घरी ठरली, कारण अक्का सिस्टरकडे जाईनात आणि सिस्टर अक्कांकडे.

अक्का खिडकीकडं तोंड करून बसल्या, सिस्टर दाराकडं. मधे मी आणि गुरुबसप्पा.

"तर, ठिकाण कोणतं ठरवायचं?" गुरुबसप्पांनी फोटो पसरले.

"सर, यांना सांगा, मला एटोशाला जायचंय," अक्का खिडकीला म्हणाल्या. "नामिबियात. कोरड्या दिवसांत. एकच पाणवठा, त्याच्या काठी बसून ऱ्हायचं, आणि येईल ते जनावर बघायचं."

"सर, यांना सांगा, मला व्हिक्टोरिया धबधबा बघायचाय," सिस्टर दाराला म्हणाल्या. "भरलेला."

गुरुबसप्पा हसले. "दोन्ही करू की!" मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "न्हाई, त्यात एक अडचण हाय. धबधबा भरून वाहतोय तवा पावसाळा नुकता सरलेला असतोय. जिकडंतिकडं डबकी, डोक्याएवढं गवत. जनावर कशाला तुमच्यासमोर येतंय? आणि कोरड्या दिवसांत जनावर सगळं पाणवठ्यावर गोळा होतंय, पण तवा धबधब्याच्या जागी निस्ता खडक. पाणी बघा, न्हाई तर जनावर बघा. दोन्ही भरपूर मिळत न्हाई."

"सर, त्यांना सांगा," सिस्टर म्हणाल्या, "दुष्काळ बघायला इमानात बसायची गरज न्हाई. गच्चीवर चढलं की दिसतोय."

"सर, त्यांना सांगा, निस्तं पाणीच बघायचं तर दोन महिने थांबा. वड्याला पूर येईल, फुकट बघा."

"मधला महिना धरू," गुरुबसप्पा काकुळतीला आले. "थोडा धबधबा, थोडी जनावरं..."

"थोडं नको!" दोघी एकदम म्हणाल्या. कित्येक दिवसांत दोघींचं एकमत झालेलं ते एवढंच वाक्य.

गुरुबसप्पा फोटो गोळा करून उठले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, चारधामला अशी पंचाईत होत न्हाई. देव हलत न्हाईत जागचे." मंडळींची नावं विमानाला द्यायची वेळ जवळ आली होती, दोघींचं एक ठरलं तर ठीक, नाही तर दोन्ही जागा दुसऱ्या कुणाला द्याव्या लागणार होत्या.

आता अक्का म्हणजे ठरवलेली गोष्ट सोडणाऱ्यातल्या नव्हेत. आधी त्यांनी अप्पांवर हल्ला चढवला. "मी एकटी जाते."

"सिस्टर संग असली तरच," अप्पा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा अप्पा एखाद्या गोष्टीवर ठाम राहिलेले बघून दुकानातली भांडी चकित झाली असतील.

मग त्यांनी माझ्या घरी बसून, स्पीकरवर, गुरुबसप्पांना फोन लावला. गुरुबसप्पा म्हणाले, पुण्याच्या एक बाई एकट्याच आहेत, त्यांच्याबरोबर खोली देतो. पाणवठ्याच्या काठचीच देतो. हवं ते ठिकाण मिळत होतं, पण अक्कांनी हो म्हटलं नाही.

"त्या बाई नर्स हायत का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, बँकेत होत्या."

"मग हरणाचा पाय मोडला तर मला कोण सांगणार?" आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात माझी कडी वाजली. अक्का डोक्यावर पदर घेऊन उभ्या. "सर, चला. दुभाषी लागंल."

आम्ही सिस्टरच्या दाराशी गेलो. दार उघडं होतं.

"सर, त्यांना विचारा, आत येऊ का?"

"सर, त्यांना सांगा, दार कुणासाठी बंद केलेलं न्हाई."

आत गेलो. सिस्टरनी पाणी आणून ठेवलं. त्या दिवसांत पाहुण्यापुढं भरलेला ग्लास ठेवणं ही सोपी गोष्ट नव्हती, आणि त्यातलं अर्धं उष्टं टाकणं हा तर गुन्हाच होता. अक्कांनी तळ दिसेपर्यंत पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"घागर चुकून नेली. पट्टी शेळीनं खाल्ली. आता साक्षीला शेळी आणू का?"

"घागरीचं कोण बोलायलंय?" सिस्टर म्हणाल्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. दुभाष्याची नोकरी तिथंच संपली.

"मग कशाचं?"

"तू त्या दिवशी मला सगळ्यांच्या देखत काय म्हणालीस?"

अक्कांनी आठवून बघितलं. "म्हणाले असंल काहीतरी. तवा सगळेच वरडायलते."

"मागं सरक म्हणालीस."

अक्कांचा हात रिकाम्या ग्लासाकडं गेला.

"आमचं गाव मुखेडकडं. विहिरीच्या पायऱ्या आमाला न्हवत्या. आई घागर घेऊन लांब उभी ऱ्हायची, कुणी दयेनं वरून पाणी वतलं तर घ्यायचं. दुसरं कुणी भरायला आलं की, ए, मागं सरक. आई सरकायची. आणखी कुणी आलं, आणखी सरकायची. आमचा नंबर कधी चुकला न्हाई, कारण नंबरच न्हवता." सिस्टर हे दवाखान्यात पेशंटची माहिती सांगावी तशा सांगत होत्या. "मी शिकले, नर्स झाले, घरात माझा नळ आला. वाटलं, संपलं ते. दुसरी कुणी म्हणाली असती ना, तर हातातली घागर काढून घेतली असती आणि वर चार गोष्टी सुनावल्या असत्या. तू म्हणालीस म्हणून तोंडातून शब्दच आला न्हाई."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. अक्का एरवी एका दमात तीन कारणं सांगणाऱ्या. उन्हाचं सांगता आलं असतं, गर्दीचं सांगता आलं असतं, मला ठाऊक नव्हतं असं तर सहज सांगता आलं असतं. त्यांनी यातलं एकही काढलं नाही.

"चुकलं माझं, पंचफुला," त्या म्हणाल्या. "घागरीचं न्हाई. तुला तसं म्हणाले ते."

सिस्टरनी पदराच्या टोकानं टेबलावरचा नसलेला डाग पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "तो कोरडा पाणवठा तुला कशाला बघायचाय?"

"सगळ्यांनाच तहान लागल्यावर कोण कसं वागतंय ते बघायचंय. हत्ती आला की बाकीचे काय करतात? झेब्रा थांबतोय का घुसतोय? टीव्हीवर कापून दाखवतात. मला दिवसभर बसून बघायचंय." मग जरा खालच्या आवाजात, "त्या दिवशी मी पाणी घेऊन घरी गेले आणि लिंगपूजेला बसले. ताजं पाणी हाय, समोर इष्टलिंग हाय, आणि मन काही लागंना. शेळीचं तवा ठाऊकबी न्हवतं. पण मला माझाच आवाज ऐकू यायलता. म्हटलं, मी कधी अशी झाले? सगळेच होतात का मीच? आता माणसाला इचारावं तर माणूस आपली बाजू घेऊन बोलतंय. म्हणून म्हटलं जनावरच बघावं."

"आणि मी धबधबा कशाला म्हणते, ते तू इचारलंस?"

"न्हाई. कशाला?"

"एवढं पाणी बघायचंय की कुणाला कुणाच्या आधी जायची गरजच पडू नये. एकदा. डोळ्यानं."

अक्का उठल्या, पदर सावरला आणि एखाद्या गिऱ्हाइकाला शेवटचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "मग तूच ठरव ठिकाण. पहिला नंबर तुझा."

इथं आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. आमच्या भागात पहिल्याच आग्रहाला हो म्हणायचं नसतं. चहासुद्धा आम्ही 'आत्ताच घेतलाय, न्हाई, खरंच नको' असं तीनदा म्हणून चौथ्यांदा घेतो. पहिला नंबर तुझा म्हटलं की समोरच्यानं म्हणायचं, छे छे, तुझंच होऊ दे. मग आपण म्हणायचं, न्हाई न्हाई, तुझंच. आणि असं करत करत शेवटी कुणीतरी जायचं. अक्का आयुष्यभर व्यापारात मुरलेल्या. त्यांच्या मनात तेवढा हिशेब होताच, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच मला दिसत होतं. त्या सिस्टरच्या 'छे छे'ची वाट बघत होत्या.

"धबधबा," सिस्टर म्हणाल्या. "भरलेला. पुढच्या एप्रिलातला."

पापणीसुद्धा लवली नाही. अक्कांचं तोंड क्षणभर असं झालं, जणू तराजूत टाकलेला माल गिऱ्हाइकानं वजन व्हायच्या आधीच पिशवीत भरला. एटोशाचा पाणवठा, हत्ती, झेब्रे, दिवसभराचं बसणं, सगळं त्या एका शब्दासरशी गेलं. त्या सिस्टरकडं बघत राहिल्या, आणि सिस्टर त्यांच्याकडं. सिस्टर हसत नव्हत्या आणि माघारही घेत नव्हत्या. मिळालेला नंबर त्यांनी घेतला होता.

"आणि जनावरं?" अक्कांनी शेवटचा प्रयत्न केला.

"दिसली तर दिसली."

"बरं," अक्का म्हणाल्या. आणि तिथंच उभ्या राहून त्यांनी गुरुबसप्पांना फोन लावला. "हाव, ठरलं. यंदाचं ऱ्हाऊ द्या, पुढच्या एप्रिलचं धरा. धबधबा... न्हाई, मधला महिना न्हाई. अवो, म्हटलं ना भरलेला! अंगावर पाणी उडालं पाहिजे, न्हाई तर मी तुमची काशीसुद्धा बंद करीन उदगिरातून." पाणवठ्यासाठी केली होती तेवढीच जिद्द आता त्या धबधब्यासाठी करायला लागल्या होत्या.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला, नळ आले, दुपारचं चॅनल सुरू झालं. एप्रिलात दोघी गेल्या. जनावरं म्हणाल तर हॉटेलच्या हिरवळीवर गुडघे टेकून चरणारी रानडुकरं तेवढी जवळून दिसली. अक्कांनी ती परत येऊन गल्लीत सांगितली, तेव्हा हरभरा पेरणारे लोक म्हणाले, "अक्का, आमाला इचारलं असतं तर रात्री शेतात फुकट दाखवली असती." अक्कांनी कुणाला दाद दिली नाही. एटोशाचं त्यांनी या ऑक्टोबरचं नक्की केलंय, आणि गुरुबसप्पांशी घासाघीस करून पाणवठ्याकडं तोंड असलेली खोली सिस्टरनी मिळवलीय.

धबधब्याचं मी सिस्टरना विचारलं, तर त्या नुसतं "चांगला हाय" म्हणाल्या. बाकी अक्कांनी सांगितलं. पाणी दिसायच्या आधीच त्याचा आवाज छातीत बसत होता. गुरुबसप्पांनी सगळ्यांना रेनकोट वाटले. सिस्टरनी घेतला नाही. कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या त्या राहिल्या. खालून वर उडालेलं पाणी डोक्यावरून, चष्म्यावरून, पातळावरून निथळतंय आणि बाई हलायला तयार नाही. मंडळी फोटो काढून परत फिरली, बसमध्ये जाऊन बसली. गुरुबसप्पा येऊन घड्याळ दाखवायला लागले, जेवण थंड होतंय म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? म्हटलं, होऊ द्या थंड. तिचं झाल्याबिगर बस हलणार न्हाई. आणि तिच्या चपला हातात धरून मीबी भिजत उभी ऱ्हायले."